आर्ची आवडली, मग पुढे कोण?

तुमचं फेव्हरेट कॅरेक्टर कोणतं? पटकन सांगा. जास्त विचार केलात तर उत्तर बाद.

गेले पंधरा दिवस हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारतेय. धाटाव नाक्यावरून रोह्याला जाणाऱ्या शेअर रिक्षात, कॉलेजच्या जिन्यात, जर्नल सबमिट करायच्या रांगेत. एकदा तर फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर वडापावच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या एका दादालाही विचारला. त्याने हेल्मेट काढता काढता ‘तात्या विंचू’ असं सांगितलं आणि मग माझ्याकडे संशयाने बघत ‘का?’ असंही विचारलं. इंटर्नशिपचं काम आहे म्हटल्यावर त्याचा संशय आणखी वाढला.

उत्तरं मात्र झटपट येतात. आर्ची. अण्णा नाईक. ‘पंचायत’मधले सचिवजी. हरमायनी. ‘अटॅक ऑन टायटन’मधला लेवी. आणि ‘ब्रेकिंग बॅड’चा वॉल्टर व्हाइट, तोही बऱ्याचदा. त्यात नवल नाही म्हणा. आमच्या एमआयडीसीच्या गावात वारा फिरला की नुसत्या वासावरून कुठला प्लांट सुरू आहे ते सांगणारे काका आहेत. तिथल्या बीएस्सी केमिस्ट्रीच्या पोरांना केमिस्ट्रीचा मास्तर हिरो वाटणारच.

पण उत्तर देऊन झालं की जवळजवळ प्रत्येकाने मलाच उलटा प्रश्न टाकला. ‘ते झालं. आता याच्यासारखं दुसरं कोण आहे ते सांग ना. सगळं बघून संपलंय.’

तुम्ही म्हणाल, हे सांगायला मोबाइल आहे की. एक सिरीज संपली की खाली लगेच पट्टी येते, ‘तुम्ही हे पाहिलंत म्हणून’ आणि पुढे दहा पोस्टर. बरोबर. पण त्या पट्टीमागची भानगड एकदा समजून घ्या. ऑक्टोबर २००६ मध्ये नेटफ्लिक्सने एक स्पर्धा जाहीर केली. प्रेक्षक कुठल्या सिनेमाला किती स्टार देईल याचा अंदाज बांधणारी त्यांची सिस्टीम होती. ती जो कुणी १० टक्क्यांनी सुधारून दाखवेल त्याला १० लाख डॉलर. त्यासाठी सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० सिनेमा-सिरीजना दिलेले १० कोटींहून जास्त स्टार त्यांनी नाव-गाव काढून खुले केले. जगभरातले गणितवाले तीन वर्षं त्यावर बसले होते. २००९ मध्ये एका टीमने बक्षीस मिळवलं, आणि गंमत म्हणजे ती जिंकलेली पद्धत कंपनीने पूर्णपणे कधी वापरलीच नाही. ती बसवायला जेवढी मेहनत लागेल तेवढा फायदा नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

या स्पर्धेत भल्याभल्यांना रडवलं ते ‘नेपोलियन डायनामाइट’ नावाच्या २००४ च्या एका विचित्र कॉमेडीने. लोक तिला एक तर पाच स्टार द्यायचे नाहीतर एक. कोण पाच देईल आणि कोण एक, हे आधीच्या आवडीनिवडींवरून काही केल्या कळेना.

मुळात या सगळ्याचा हिशोब साधा आहे. तुम्हाला जे आवडलं ते ज्यांना आवडलं, त्यांना आणखी काय आवडलं ते तुमच्यासमोर ठेवायचं. त्यात सिनेमाचं नाव असतं, हिरो असतो, प्रकार असतो. तुम्ही कुठला सीन मागे नेऊन परत बघितलात याचीही नोंद ठेवता येते. का बघितलात, हे मात्र त्या नोंदीत कुठेच नसतं. आणि कॅरेक्टर आवडतं ते नेमकं त्या ‘का’मुळे.

हे मला कळलं ते माझ्याच एका मैत्रिणीमुळे, आणि तेही तिला चुकीचं कॅरेक्टर सुचवल्यावर.

ती टीवायला आहे. नाव छापायचं नाही, ही तिची अट. तिची मम्मी इथल्याच एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला जाते. घरात सध्या स्थळांची बोलणी सुरू आहेत, म्हणजे मोबाइलवर बायोडेटा येतात आणि मामा ते मोठ्याने वाचून दाखवतो. उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर. तिची फेव्हरेट आर्ची. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला तेव्हा आम्ही शाळेत होतो. तेव्हापासून तिने तो किती वेळा पाहिला असेल हे तिलाही माहीत नाही. साहजिकच तिच्या मोबाइलला वाटतं की हिला पळून जाणारी जोडपी आवडतात. मग त्याच त्याच गोष्टी. एक मोठ्या घरातली मुलगी, एक गरीब मुलगा, गाणी, पाठलाग, आणि शेवटी रक्त.

‘सगळ्यात शेवटी मरतातच गं,’ ती रिक्षात मला म्हणाली. ‘मला एक अशी आर्ची शोधून दे, जी शेवटी मरत नाही.’

मास कम्युनिकेशन शिकणाऱ्या मुलीला असं कुणी काही विचारलं की तिच्या अंगात काय येतं हे तुम्हाला माहीत असेलच. मी लगेच म्हटलं, ‘चिंधी!’

‘जैत रे जैत’, १९७७. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि चिंधीच्या भूमिकेत स्मिता पाटील, तेव्हा जेमतेम माझ्या वयाची. गोष्ट ठाकरवाडीतली, आणि ती ठाकरवाडी आपल्याच जिल्ह्यातली. पेण सोडून पनवेलकडे निघालात की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो ना, त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर हे सगळं घडतं. नाग्या हा भगताचा पोर. राणीमाशी त्याचा डोळा घेते आणि तो त्या कड्यावरच्या पोळ्यांशी वैर धरतो. चिंधी न आवडणारा नवरा सोडून, आपल्याला हवा तो पुरुष स्वतः निवडते आणि कुणापुढे मान खाली घालत नाही. आर्चीच्या चाळीस वर्षं आधीची आर्ची, तीही ट्रॅक्टरशिवाय आणि बुलेटशिवाय. मी इतकं रंगवून सांगितलं की मैत्रिणीने त्याच रात्री सिनेमा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज. ‘ही पण मेली.’ पुढे रागाचे तीन चेहरे.

काय बोलणार? हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आठवत होतं, ढोल आठवत होता, स्मिताचे डोळे आठवत होते. शेवट मी चक्क विसरले होते. आता तुम्हालाही तो कळला, तेव्हा सॉरी. तरी सिनेमा बघाच.

मग मी जो प्रश्न पहिल्यांदाच विचारायला हवा होता तो विचारला. सैराटमधला कुठला सीन तू मागे नेऊन परत बघतेस? मला वाटलं बुलेट म्हणेल, नाहीतर विहिरीचा सीन. ती म्हणाली, हैदराबाद. पळून गेल्यानंतरचा भाग, जो बघताना आपल्यातले बरेच जण मोबाइल हातात घेतात. जिला घरी कधी चहाचा कप उचलावा लागला नाही ती आर्ची झोपडपट्टीत राहते, आधी रडते, कंटाळते, भांडते. मग सुमनअक्काच्या ओळखीने कंपनीत कामाला लागते, तिथली भाषा शिकते, आणि हळूहळू घर उभं राहतं. ‘मला ती कंपनीत जाते तेव्हाची आर्ची आवडते,’ मैत्रीण म्हणाली. ‘परश्या नसता तरी चाललं असतं.’

म्हणजे गेली काही वर्षं तिचा मोबाइल तिला परश्या शोधून देत होता. आणि मीही तेच केलं होतं.

आमच्या तिसऱ्या सेमिस्टरला एक संकल्पना होती. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्ये मांडलेली. टीव्हीवरच्या माणसाशी आपलं नातं एकतर्फी असतं, त्याला आपण माहीतही नसतो, तरी आपल्याला तो ओळखीचा वाटतो. त्याला पॅरासोशल म्हणतात. परीक्षेत मी यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं आणि विसरून गेले होते. पण खरंच असं असेल, तर कॅरेक्टर सुचवणं म्हणजे एका मित्राची ओळख दुसऱ्याशी करून देणं झालं. ‘दोघांची उंची सारखीच आहे, जमेल तुमचं’ असं सांगून आपण कुणाची ओळख करून देतो का? मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘आमचा मामा देतो.’

तेव्हापासून मी माझी पद्धत बदलली. आधी सीन विचारायचा, मग कॅरेक्टर सुचवायचं. तुम्हीही करून बघा. एकाच फेव्हरेटची किती वेगवेगळी उत्तरं निघतात ते बघून मजा वाटेल.

वॉल्टर व्हाइटचंच घ्या. केमिस्ट्रीच्या एका मुलाला तो सीन आवडतो ज्यात वॉल्टर समोरच्या गुंडाला स्वतःचं नाव घ्यायला लावतो. म्हणजे याला पैसा, पिस्तुलं यांत रस नाही. एका साध्या शिक्षकाने स्वतःचं दुसरंच नाव तयार केलं आणि ते नाव त्याच्यापेक्षा मोठं झालं, यात त्याला रस आहे. त्याला मी व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ सांगितला. १९७२ चा सिनेमा, तमाशाचा, आजीच्या आवडीचा, म्हणून आपण त्याला हात लावत नाही. पण त्यातले गुरुजी बघा. गावाने देव मानलेला माणूस चंद्रकलेच्या नादाने तमाशाच्या फडात जाऊन पोचतो, आणि इकडे गावात त्याच्या नावाचा उदोउदो सुरूच. शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो आणि खरं सांगावं तर त्याच्या नावाची इज्जत जाते. वॉल्टरचा हायझेनबर्ग आणि हा गुरुजी यांना एका खोलीत बसवलं तर बोलायला पुष्कळ निघेल. ‘पिंजरा’ची मुळं जर्मन आहेत. १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या सिनेमात एक प्रोफेसर कॅबरेतल्या गायिकेपायी असाच मातीत जातो, आणि तो सिनेमा हाइनरिश मान यांच्या १९०५ च्या कादंबरीवरचा. म्हणजे ‘ब्रेकिंग बॅड’ची पहिली सिरीज २००८ मध्ये आली त्याच्या शंभर वर्षं आधीपासून मास्तर बिघडतायत.

त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलालाही वॉल्टरच आवडतो, पण त्याचा सीन वेगळा. घरी बायकोसमोर वॉल्टर एकावर एक थापा मारत जातो, आणि प्रत्येक थाप आधीचीला सांभाळायला लागते, तो सगळा भाग त्याला जाम आवडतो. त्याला मी काय सुचवलं असेल? धनंजय माने! हसू नका. ‘अशी ही बनवाबनवी’ आपण इतक्या वेळा पाहिलाय की अशोक सराफ यांचा तो माणूस काय करतो याकडे आपलं लक्षच जात नाही. पुण्यात राहायला खोली मिळावी एवढ्याच साध्या गरजेपोटी तो दोन मित्रांना बायका बनवतो, मग त्या थापेला टिकवायला दुसरी, दुसरीला टिकवायला तिसरी. १९८८ चा सिनेमा, पण कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, खोली मिळवायची धडपड अजून तशीच आहे. वॉल्टर आणि धनंजय दोघांचं डोकं एकाच पद्धतीने चालतं. एकाची गोष्ट रडवते आणि दुसऱ्याची हसवते, एवढंच. कुठल्या यंत्राने या दोघांना एका पट्टीत बसवलं तर मी त्या यंत्राला वडापाव खाऊ घालेन.

सचिवजींचे चाहते खूप भेटले, विशेषतः स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. त्यांच्यासाठी माझ्याकडे एकच नाव आहे आणि त्याबद्दल मी वादही घालायला तयार आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर. कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांनी तिच्यावर केलेला सिनेमा १९९५ चा. औंध संस्थानच्या काळात एक कोवळा पोरगा धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर म्हणून जातो. शाळेत पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे. त्याला वाडी कळत नाही आणि वाडीला तो कळत नाही. मग एकेक माणूस त्याच्या खोलीशी येऊन बसायला लागतो. कुणी पत्र लिहून घ्यायला, कुणी भांडण सोडवून घ्यायला, कुणी नुसताच. अभिषेक त्रिपाठीचं फुलेरा आणि हे बनगर एकाच रस्त्यावरची गावं वाटतील. तालीम बांधायचं ठरतं तेव्हा तुम्हीही मनातल्या मनात दगड उचलाल. फरक एवढाच की फुलेराला पुढचा सीझन असतो. बनगरवाडीवर पाऊस येत नाही. त्यानंतरची पानं मी रात्री दीड वाजता वाचली आणि मग झोप आली नाही. कादंबरी छोटी आहे, एका सुट्टीत होते. आधी ती वाचा, सिनेमा नंतर.

अण्णा नाईकांवर जीव असलेल्यांनी ‘सामना’ बघा, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला. त्यातले निळू फुले यांचे हिंदुराव धोंडे पाटील बघितले की दरारा म्हणजे काय ते कळेल. आणि समोर डॉ. श्रीराम लागू यांचा एक दारुडा मास्तर, जो मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं हे एवढंच विचारत राहतो. (हो, ‘पिंजरा’चे गुरुजीही तेच. एवढं मोबाइलनेही जुळवलं असतं.) हरमायनीवाल्यांनी पु. लं.चा सखाराम गटणे गाठावा. आणि ‘वेक अप सिद’मधला सिद ज्यांना आपलाच वाटतो त्यांनी ‘कोसला’ उघडावी. खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, वडिलांचे पैसे, होस्टेल, गॅदरिंग, नापास होणं. १९६३ चं पुस्तक, पण होस्टेलच्या खर्चाचा हिशोब वाचताना दोन-तीनदा मागे वळून कुणी बघत नाही ना याची मी खात्री केली. सिदला शेवटी मासिकात इंटर्नशिप मिळते आणि आयुष्य मार्गी लागतं. पांडुरंगला असं काही मिळत नाही. इंटर्नशिपने आयुष्य मार्गी लागतं का, यावर मी सध्या बोलत नाही. हे पान माझे सीनियर तपासणार आहेत.

तर मैत्रीण.

आता मला सीन माहीत होता. घर सोडलेली, काम धरलेली आणि जिवंत राहिलेली बाई शोधायची होती. पहिल्यांदा मी तिला हिरकणी सांगितली. आपल्याच रायगडाची, बाळासाठी रात्रीच्या अंधारात कडा उतरलेली गवळण. २०१९ मध्ये तिच्यावर सिनेमाही आलाय. मैत्रीण थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘ती बाळासाठी उतरली म्हणून तिच्या नावाचा बुरूज आहे. स्वतःसाठी उतरली असती तर असता का?’ मी वहीत ते लिहून घेतलं. उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

मग ‘उंबरठा’. १९८२, पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा स्मिता पाटील. सुलभा महाजन, वकिलाची बायको, सासर चांगलं खातंपितं, एक लहान मुलगी. घरात बसून राहणं तिला जमत नाही, म्हणून ती लांबच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरी घेते. तिथली व्यवस्था आतून किती सडलीय ते तिला दिसतं. घरी परत येते तर घर तिच्यासाठी थांबलेलं नसतं, आणि ती पुन्हा बाहेर पडते. हेन्रिक इब्सेनच्या नाटकातली नोरा १८७९ मध्ये दार ओढून घेऊन निघून गेली, पण दाराबाहेर तिचं काय झालं ते त्याने दाखवलं नाही. ‘उंबरठा’ ते दाखवतो. मला वाटलं, सापडली.

मैत्रिणीला सिनेमा आवडला. खूपच आवडला. पण तिचं म्हणणं असं पडलं: ‘सुलभाकडे डिग्री आहे गं. तिला काम हवंय. आमच्याकडे मम्मीला काम लागतं. ती मागे उभी राहिली की मागे कुणीतरी आहे असं वाटतं. आर्ची कंपनीत जाते तेव्हा मागे कुणीच नसतं.’

यावर वाद घालता आला असता. सुलभाच्या मागे तरी शेवटी कोण असतं? पण तिचं आर्चीबद्दलचं म्हणणं मला पटलं. मी माझ्या यादीत सुलभाच्या पुढे बरोबरची खूण करायला घेतली होती, ती अर्धवट सोडली.

तिसरं नाव मला सुचलं ते धाटावच्या नाक्यावरच, संध्याकाळी. कंपन्यांची सुट्टी झाली होती, बायका डब्याच्या पिशव्या घेऊन घोळक्याने चालल्या होत्या, आणि कुठल्याशा गेटवर वॉचमन एकेकीची पिशवी बघत होता. कारखाना, बायका, गेट. ‘मिर्च मसाला’!

केतन मेहतांचा सिनेमा, हिंदी, गोष्ट गुजरातेतली, इंग्रजांच्या काळातली. प्रदर्शित झाला १९८७ मध्ये, म्हणजे १३ डिसेंबर १९८६ ला स्मिता पाटील गेल्या त्यानंतर. सोनबाई नावाची बाई. नवरा रेल्वेत नोकरीला म्हणून शहरात गेलेला. गावात आलेल्या सुभेदाराची तिच्यावर नजर पडते. ती त्याच्या थोबाडीत मारते, पळत सुटते आणि मिरची कुटायच्या कारखान्यात शिरते. आत बायका कामाला. म्हातारा चौकीदार अबू मियाँ दरवाजा लावून घेतो. मग बाहेर सुभेदाराचे शिपाई, मुखी, अख्खा गाव, सगळ्यांचं एकच सांगणं, एका बाईसाठी गावावर संकट नको, तिला बाहेर काढा. आतल्या बायकासुद्धा सुरुवातीला तेच म्हणतात. पुढे काय होतं ते सांगत नाही. एकदा ‘जैत रे जैत’चा शेवट फोडून बसलेय. एवढं सांगते की सोनबाई शेवटच्या फ्रेममध्ये उभी असते, स्वतःच्या पायांवर.

इथे एक कबुली द्यायला हवी. चिंधी, सुलभा, सोनबाई, तिन्ही स्मिता पाटील. कधीकाळी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या या बाईबद्दल माझ्या मनात जे आहे ते उघड दिसतंच. एखाद्या यंत्राला माझी यादी दिली तर ते म्हणेल, मुलीला एक नटी आवडते, तिचेच सिनेमे दाखवा, एवढी भानगड कशाला? आणि तिने शेवटी तेच तीन सिनेमे पाहिले असते. असतील. पण सुलभा का जमली नाही हे तिने कुणाला सांगितलं असतं?

‘मिर्च मसाला’ तिने रविवारी पाहिला. एकटीने नाही. मम्मीचा आठवड्याचा तोच एक सुट्टीचा दिवस, ती कपड्यांच्या घड्या घालत बाजूला बसली होती. ‘सैराट’च्या वेळी ती शेवटची पंधरा मिनिटं नेहमी उठून आत जाते, भांडी घासायला काढते. हा सिनेमा तिने शेवटपर्यंत बघितला. मधे फक्त एकदा बोलली. आतल्या बायका सोनबाईला शिव्या घालतात तेव्हा म्हणाली, ‘असंच असतं. आधी आपल्याच बोलतात.’

सोमवारी रिक्षात मी मैत्रिणीला विचारलं, मग? सोनबाई चालेल? ती म्हणाली, चालेल, पण मला थोडी आणखी बघू दे, एकदाच पाहिलीय. आणि मग म्हणाली, ‘मम्मीचं वेगळंच निघालं. तिला सोनबाई आवडली, पण तिचा फेव्हरेट तो चौकीदार. अबू मियाँ. रात्री झोपताना त्याचं नाव परत विचारलं तिने.’

‘कुठला सीन?’ मी विचारलं. आता सवयच लागलीय.

‘दरवाजा उघड म्हणून सगळा गाव सांगतो आणि तो उघडत नाही, तो. काकूंना अजून असं कोण सुचवशील ते सांग. पण सोपं दे, रात्री तिला झोप येते.’

मी अजून शोधतेय. मोबाइलला विचारलं तर त्याने ओम पुरी यांचे दहा सिनेमे दाखवले. आजोबांच्या वयाचा माणूस, हातात फार काही नाही, मोठ्या लोकांनी सांगूनही गेट न उघडणारा. तुमच्या बघण्यात आलाय का असा कुणी?